चोराला मारण्याचा हक्क कोणाचा?



मागे एका रविवारी सकाळची मिस्सा संपवून आपण बाहेर पडलो, तेव्हा फाटकाबाहेरच्या एका गाडीची काच फुटलेली होती. मागच्या सीटवरची पर्स घेऊन पळणारा एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा नाक्यावर सापडला. पर्समध्ये बाराशे रुपये होते. पोलीस येईपर्यंत वीस मिनिटे गेली. तेवढ्या वेळात ज्यांनी त्याला मारले, त्यांत नुकतेच कम्युनियन घेतलेले हातही होते. आम्ही मारले नाही. पण अडवलेही नाही.

"पोलीस काय करणार? उद्या सुटून येईल," असे तेव्हा सगळेच म्हणत होते. म्हणून कायदा काय म्हणतो ते आम्ही मुद्दाम पाहिले. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. तिच्यात गाडी फोडणे ही घरफोडी धरत नाहीत. आपले चर्च फोडले तर ती घरफोडी. चर्चसमोरची गाडी फोडली तर काचेची ती 'आगळीक' आणि पर्सची ती चोरी. चोरीला कलम ३०३ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा दोषी ठरला तर निदान एक वर्ष सक्तमजुरी, जास्तीत जास्त पाच. प्रवासी किंवा माल वाहणाऱ्या वाहनातून चोरी झाली तर कलम ३०५ खाली सात वर्षांपर्यंत. भाजीचा टेम्पो त्यात येतो. आपल्या घरची गाडी येते का, ते वकील ठरवोत.

म्हणजे कायदा मवाळ आहे असे नाही. पण त्याच कलम ३०३ मध्ये एक नवी गोष्ट आहे. माल पाच हजारांच्या आतला असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर त्याला कैद नाही, समाजसेवेची शिक्षा. आणि साधी दुखापत करणाऱ्याला? कलम ११५ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुखापत झालेला माणूस चोर असला तरी हे कलम पुसले जात नाही.

निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायातही हा भेद आहे. रात्री घर फोडताना चोर मारला गेला तर मारणाऱ्यावर दोष नाही, सूर्य उगवल्यावर मारला तर आहे. चोराने भरपाई करावी, हेही तिथेच आहे. आपल्या नाक्यावर तर सकाळचे नऊ वाजले होते, पर्स परत मिळाली होती, पोरगा खाली बसला होता. मग त्यानंतरचा प्रत्येक फटका कशासाठी होता?

राग खोटा नव्हता. घाम गाळून मिळवलेले कोणी उचलून नेले की तो येतोच. पण त्या रागाने कोणाचे काही भरून निघाले नाही. उद्या न्यायाधीशांनी त्या पोराला समाजसेवा म्हणून आपल्याच चर्चचे अंगण झाडायला पाठवले, तर आपण त्याला आत येऊ देऊ का? आम्ही घरी हा विषय काढला, तेव्हा जेवणाच्या टेबलावर चांगलाच वाद झाला.

काच मात्र त्या बाईंनी स्वतःच्या पैशाने बसवली. मारणाऱ्यांपैकी कोणी त्यात एक रुपया घातल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आम्हीही घातला नाही.