हयातीचा दाखला आणि सैनिकाचे आयुष्य

अहिल्यानगरच्या लष्करी परिसरात 1948 पासून चिलखती दळाचे केंद्र व प्रशिक्षणशाळा आहे, पुढे यांत्रिकी पायदळाचे केंद्रही येथेच आले. त्यामुळे सावेडीसारख्या उपनगरात पस्तिशी-चाळिशीत वर्दी उतरवून नव्याने संसार मांडणारा माणूस अनोळखी नाही. समान हुद्द्याला समान निवृत्तिवेतन, म्हणजे 'वन रँक वन पेन्शन', या माजी सैनिकांच्या मागणीच्या काळात असा माणूस मुलकी नोकरांपेक्षा कमी जगतो, असे वारंवार सांगितले गेले. मात्र या प्रश्नाची खरी अडचण तुलनेत आहे. 1600 मीटर धावून, डोळे, कान, छाती, गुडघे तपासून निवडलेल्या तरुणांची तुलना सर्वसाधारण लोकसंख्येशी केली, तर सैन्याने काही हिरावले असले तरी सैनिक दीर्घायुषीच दिसतो. या आभासाला साथरोगशास्त्रात 'निरोगी सैनिक परिणाम' म्हणतात. सेल्त्झर व जॅब्लन यांनी 1946 मध्ये सेवामुक्त झालेल्या अमेरिकी सैनिकांचा मागोवा घेतला, तेव्हा निवडीचा हा लाभ 23 वर्षांनंतरही पुरता ओसरलेला नव्हता.

म्हणून तुलना सैनिकाची सैनिकाशीच हवी. अमेरिकी रोगनियंत्रण केंद्रांनी 1987 मध्ये व्हिएतनाममध्ये सेवा केलेल्यांची तुलना त्याच काळात अन्यत्र सेवा केलेल्यांशी केली, तेव्हा सेवामुक्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत पहिल्या गटातील मृत्यू सुमारे 45 टक्के अधिक आढळले, तेही मुख्यतः वाहन अपघात, आत्महत्या व हिंसेमुळे. सैनिकाला जपायचे ते म्हातारपणीच, ही समजूत त्यामुळे अपुरी ठरते.

जे मृत्यूच्या आकड्यात येत नाही, त्याचीही दखल घ्यायला हवी. रणगाड्याचे इंजिन आणि तोफेचा धमाका यांत वर्षे काढलेल्याचा कान आधी उंच पट्टीचे ध्वनी गमावतो. त्याला बोलणे ऐकू येते, पण 'स', 'श', 'फ' निसटतात, शब्द अर्धवट कळतो, आणि घरचे म्हणतात की हा मुद्दाम लक्ष देत नाही. हळूहळू तो लग्नकार्यात, पारावर, बैठकीत बसणेच टाळतो. रोजची पीटी बंद होते, जेवण मात्र तेवढेच राहते. त्यात सुरक्षारक्षकाची रात्रपाळी पत्करली की झोप, रक्तदाब आणि साखर तिन्ही बिघडण्याची वाट मोकळी होते. 1 एप्रिल 2003 पासूनच्या माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेने, म्हणजे एकदाच वर्गणी भरून निवृत्त सैनिक व त्याच्या अवलंबितांना पॉलिक्लिनिकमधून उपचार देणाऱ्या व्यवस्थेने, मोठा आधार दिला आहे. पण ती दारात आलेल्या रुग्णापुरतीच आहे, न येणाऱ्याचा शोध घेणे तिच्या रचनेतच नाही.

खरे तर अभ्यासाचे साहित्य सरकारजवळच आहे. प्रत्येक निवृत्तिवेतनधारक दरवर्षी हयातीचा दाखला देतो, त्याच्या पश्चात कुटुंबनिवृत्तिवेतन सुरू होते. म्हणजे कोण केव्हा गेला याची नोंद पैशाच्या हिशेबासाठी काटेकोर ठेवली जाते. तिला सेवेतील शाखा, तैनातीची ठिकाणे आणि मृत्यूचे कारण जोडले, तर सियाचीनमध्ये राहिलेल्याचे आणि रणगाड्यात बसलेल्याचे पुढे काय झाले, हे अंदाजावर सोडावे लागणार नाही. मात्र हे काम लवकर व्हायला हवे, कारण चार वर्षांसाठीच सैनिक भरती करणाऱ्या 2022 च्या अग्निपथ योजनेतील पहिल्या तुकड्यांची मुदत आता भरत आली आहे. त्यांतील जास्तीत जास्त 25 टक्के कायम होतील. उरलेल्यांना ना निवृत्तिवेतन, ना ही आरोग्य योजना, त्यामुळे हयातीचा दाखला मागणारेही कोणी नसेल, आणि धोक्याची ती पहिली पाच वर्षे ते सगळ्या नोंदवह्यांबाहेर काढतील.