मागून येणाऱ्याला दिसेल असा उजेड



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय 3 (कर्मयोग), श्लोक 26.

आधी साधा अर्थ बघू. भगवंत अर्जुनाला सांगतात, जे लोक अजून फळाच्या आशेने कर्म करतात त्यांच्या बुद्धीत जाणत्या माणसाने गोंधळ उडवू नये. त्याने स्वतः योगयुक्त राहून आपली कर्मं नीट करावीत आणि त्यांच्याकडूनही ती गोडीने करवून घ्यावीत.

हा श्लोक एकटा वाचू नका. 20 व्या श्लोकात जनक राजाचं उदाहरण आणि लोकसंग्रह हा शब्द येतो. 21 व्यात येतं की मोठा माणूस जसा वागतो तसं लोक वागतात. मग 26 व्यात हा इशारा. म्हणजे विषय एकच आहे: माझ्या मागून कुणीतरी येतंय, त्याचं काय?

माऊलींनी ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायात इथे दोन चित्रं दिली आहेत. एक, डोळस माणूस वाटेवर आंधळ्याच्या चालीने पुढे चालतो. त्याला भरभर जाता येत नाही असं नाही, पण सोबतच्याचं पाऊल चुकू नये म्हणून तो जपून चालतो. दुसरं, जे बाळ अजून कसंबसं दूध पितंय त्याला पक्वान्नं वाढत नाहीत. पक्वान्न वाईट नसतं, बाळाला ते झेपत नाही इतकंच. 1290 साली नेवाशाला सांगितलेली ही गोष्ट मला गेल्या महिन्यात एका जुन्या गाडीच्या मागे उकिडवं बसलेलो असताना नीट कळली.

आमच्या रविवारच्या सत्संगात एक मुलगा येतो, चोविशीचा. त्याच्याकडे आजोबांची 2004 सालची मारुती एट-हंड्रेड आहे. दिवे अगदी मंद झालेले. रात्री हायवेवर मागचा ट्रक अंगावर येतो म्हणाला. म्हणून सगळे बाहेरचे दिवे एलईडी करायचे ठरवून त्याने ऑनलाइन एक सेट मागवला, सगळा पांढराशुभ्र. मला थोडंफार हे काम येतं, म्हणून एका रविवारी आम्ही दोघं बसलो.

गाडीच्या बाहेरच्या दिव्यांची एक गंमत आहे. हेडलाइट सोडले तर त्यातले बहुतेक दिवे चालवणाऱ्यासाठी नसतात. ब्रेक लाइट, टेल लॅम्प, इंडिकेटर हे सगळे दुसऱ्यांसाठी. चालवणारा आपला मागचा दिवा कधी बघतच नाही. लोकसंग्रहाला याहून सोपं उदाहरण मला तरी सुचत नाही.

आता काम कसं झालं ते सांगतो. ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांना उपयोग होईल, आणि श्लोकही त्यातच आहे.

पहिली गोष्ट, रंग. मागची काच लाल आहे, मग आत पांढरा बल्ब लावला तरी लालच दिसणार, असं त्याचं म्हणणं. लावून बघितला. दिसायला ढणढणीत बल्ब, पण काचेतून फिक्कट, गुलाबीसर उजेड आला. कारण सोपं आहे. जुन्या तारेच्या बल्बच्या उजेडात तांबडा भाग भरपूर असतो. पांढऱ्या एलईडीत तो कमी असतो आणि लाल काच बाकी सगळं अडवते. म्हणून लाल काचेमागे लाल एलईडी, नारिंगी काचेमागे नारिंगी, आणि पांढरा फक्त रिव्हर्स लाइटला नि नंबर प्लेटला. नाना पेठेत जाऊन आम्ही लाल आणि नारिंगी बल्ब वेगळे आणले.

मला इथे याच अध्यायातला 35 वा श्लोक आठवला, स्वधर्माचा. प्रत्येकाला कुठली ना कुठली काच मिळालेली आहे. कुणी मुलगी आहे, कुणी नातू, कुणी ऑफिसात ज्युनिअर. त्या काचेतून जो उजेड बाहेर जाईल तोच पोचतो. नातवाने घरात महंताच्या थाटात बोलायला सुरुवात केली, तर ज्ञान कितीही प्रखर असो, बाहेर फिक्कटच येणार.

दुसरी गोष्ट, फरक. मागच्या जुन्या बल्बमध्ये दोन तारा असतात, 21 वॅट आणि 5 वॅट. रात्रभर पाच वॅटची मंद तार जळते आणि ब्रेक दाबला की एकवीसची पेटते. मागच्याला जे कळतं ते या फरकामुळे. स्वस्त एलईडीत ही गंमत हरवते. तो टेल लॅम्प म्हणूनच इतका भगभगीत जळतो की ब्रेक दाबला तरी वेगळं काही दिसत नाही. म्हणून बल्ब घेताना त्याची दोन्ही रूपं बघा. एकाला ब्रेकवर पाय ठेवायला सांगा आणि स्वतः दहा-पंधरा पावलं मागे जा. एकदा रात्री बघा आणि एकदा दुपारच्या उन्हात. बाजूने पण बघा. तारेचा उजेड चहूकडे जाऊन मागच्या परावर्तकावर पडतो, म्हणून सगळी काच उजळते. ज्या एलईडीच्या चिप फक्त समोर तोंड करून असतात, त्यात मध्ये एक ठिपका चमकतो आणि बाजूने येणाऱ्याला काळोख.

तिसरी गोष्ट, इंडिकेटर. एलईडी लावले आणि इंडिकेटर वेड्यासारखा टकटकटक करायला लागला. मुलगा घाबरला, म्हणाला काहीतरी जळलं. काही जळलेलं नव्हतं. 21 वॅटचा बल्ब 12 व्होल्टवर पावणेदोन अँपिअर करंट खेचतो, एलईडी त्याच्या कितीतरी कमी. फ्लॅशर करंट मोजत असतो. करंट कमी झाला की त्याला वाटतं बल्ब उडाला, आणि चालवणाऱ्याला कळावं म्हणून तो घाई करतो. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे तारांना समांतर रेझिस्टर जोडायचा. तो उगाच वीज खातो आणि चांगलाच तापतो, त्यामुळे प्लॅस्टिकजवळ नको, पत्र्यावरच बसवावा लागतो. दुसरा, एलईडीला चालणारा फ्लॅशर बसवायचा. आम्ही दुसरा केला. एक बल्ब लागतच नव्हता, तो काढून उलटा बसवला आणि लागला. एलईडीला प्लस-मायनसची बाजू असते, हे लक्षात ठेवा.

चौथी गोष्ट हेडलाइट, आणि इथे मी नाही म्हणालो. सेटमध्ये हेडलाइटचेही एलईडी होते आणि त्याला ते लावायचेच होते. पण या गाडीतला एच-फोर बल्ब नीट बघा. डिपरच्या तारेखाली छोटीशी पत्र्याची वाटी असते. ती अर्धा उजेड अडवते, म्हणून डिपरचा झोत खाली रस्त्यावर पडतो. अख्खा परावर्तक त्या तारेच्या जागेवर बेतलेला असतो. तिथे दुसऱ्या आकाराचा उगम ठेवला आणि तो थोडासा जरी सरकला, तरी उजेड वर पसरतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत घुसतो. चालवणाऱ्याला मात्र वाटतं, वा, काय लख्ख दिसतंय! त्या हेडलाइटला मान्यता मिळालेली असते तीही तारेच्या बल्बसकट. म्हणून आम्ही काचा पॉलिश केल्या, होल्डरचे गंजलेले टोक घासले, नवे 60/55 वॅटचे साधे हॅलोजन बसवले आणि भिंतीसमोर उभं राहून झोत खाली आणला. तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडला.

हे सांगताना मी सहज म्हणालो, "अरे, समोरच्याला दिसेनासं होईल इतका उजेड काय कामाचा?"

तो गप्प झाला. मग हातातला पाना पुसत पुसत घरची गोष्ट सांगायला लागला.

त्याची आजी रोज संध्याकाळी दिवा लावून शिवलीलामृताचा अकरावा अध्याय मोठ्याने वाचायची. आजोबा गेल्यापासून एकही दिवस चुकला नव्हता. हा सहा महिन्यांपूर्वी गीता वाचायला लागला. व्हिडिओ ऐकले, निष्काम कर्म समजलं, आणि एका संध्याकाळी तिला म्हणाला, "आजी, तू हे सगळं आमच्या भल्यासाठी वाचतेस ना? म्हणजे ही सकाम भक्ती झाली. गीतेत याला काही किंमत नाही." आजी काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिचा आवाज बंद झाला. पोथी कपाटावर गेली. दिवा ती लावते, पण हात जोडते आणि लगेच स्वयंपाकघरात जाते.

"दादा, मी चुकीचं काय बोललो? जे लिहिलंय तेच सांगितलं ना?"

हा प्रश्न आपल्यातल्या पुष्कळांचा आहे, म्हणून आज हा श्लोक घेतला. आपण शहरात वाढलेली मुलं. गीता आपल्याला मोबाइलवर भेटली, विसाव्या-पंचविसाव्या वर्षी, एकदम हाय बीमवर. आणि घरात जी माणसं आहेत ती पन्नास वर्षं एका छोट्या दिव्याच्या उजेडात चालत आलीत. भगवंतांना हे ठाऊक आहे. म्हणून ज्ञान सांगून झाल्यावर त्याच अध्यायात ते ज्ञान्याला पथ्यही सांगतात. त्याने सांगितलेलं वाक्य चूक की बरोबर, हा या श्लोकाचा प्रश्नच नाही. आजीच्या हातातला आधार गेला आणि त्या जागी दुसरा आला नाही, हा प्रश्न आहे. बुद्धिभेद म्हणतात तो हाच. आणि तसंही, नवऱ्याच्या माघारी नातवंडांसाठी रोज देवापुढे बसणाऱ्या बाईने स्वतःसाठी काय मागितलं, हे आपण कुठल्या मापाने मोजणार?

आणि एक सांगतो. आपल्या साधनेमुळे घरच्यांची कधी कधी टकटक सुरू होते. मुलगा पार्टीला जात नाही, कमी बोलतो, पहाटे उठतो, याला काही झालं तर नाही ना? चिडू नका. तो फ्लॅशर आहे. करंट बदललेला त्याला जाणवला आणि तो आपलं काम करतोय. त्यांच्याशी बोला, वेळ द्या.

मग घरात काहीच बोलायचं नाही का? कुणी तब्येत सांभाळायची सोडून निर्जळी उपास करतंय, कुणी बाबाच्या नादाने दागिने गहाण टाकतंय, तरी गप्प बसायचं? नाही. तिथे ब्रेक लाइट लागलाच पाहिजे, आणि ताबडतोब. तारेचा बल्ब पूर्ण पेटायला सुमारे 0.2 सेकंद घेतो, एलईडी जवळजवळ तत्क्षणी पेटतो. ताशी 80 किलोमीटर वेगाने मागून येणारी गाडी तेवढ्यात साधारण साडेचार मीटर पुढे येते. एट-हंड्रेडची लांबी साडेतीन मीटरही नाही! धोका असेल तिथे उशीर नको, आडपडदा नको. पण तुम्ही एरवी घरात मंद जळत असाल तरच तुमचा ब्रेक लाइट कुणाला दिसेल. जो रोज प्रत्येक गोष्टीवर भगभगतो, त्याचं खरं बोलणंही कुणाच्या लक्षात येत नाही.

श्लोकाचा दुसरा अर्धा भाग विसरू नका. भगवंत नुसतं गोंधळ उडवू नका म्हणून थांबत नाहीत. स्वतः करा आणि त्यांच्याकडून गोडीने करवून घ्या, असं सांगतात. त्या मुलाला मी एवढंच म्हणालो, की आजीला माफीचं भाषण देऊ नकोस. कपाटावरची पोथी खाली काढ, दिवा लावायच्या वेळी तिच्याशेजारी बस आणि अकरावा अध्याय तू वाच. अडशील तिथे तिला विचार.

तीन आठवडे झाले. तो रोज बसतो. आजी ऐकते, त्याचे उच्चार सुधारते, पण स्वतः अजून वाचत नाही. वाचेल की नाही, मला माहीत नाही. तो म्हणाला, "न वाचली तरी मी बसणार." मला वाटतं, त्याचं निष्काम कर्म आता कुठे सुरू झालंय.

आजचा छोटासा संकल्प: घरातल्या ज्या कुणाच्या श्रद्धेवर आपण कधी हसलो असू, त्यांच्याशेजारी आज दहा मिनिटं बसायचं. शिकवायला नाही, सोबतीला. आणि गाडी असेल तर एकदा मागे जाऊन आपलेच दिवे बघून यायचे.

हे पांडुरंगा, तू दिलेला उजेड मागून येणाऱ्याला वाट दाखवो, समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवू नये, आणि आमची चाल सोबतच्या माणसाच्या चालीशी जुळो.

उद्या श्लोक 27, कर्तेपणाच्या अहंकाराबद्दल. तोवर, राम कृष्ण हरि!