पापाला मुभा, पण कोणाच्या जिवावर?

ईश्वर सर्वशक्तिमान आणि परमदयाळू असेल, तर त्याने माणसाला पाप करू का दिले? ख्रिस्ती धर्मचिंतन या प्रश्नाशी पहिल्या शतकांपासून झगडते आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’तून १६१६ साली आदाम-एवेची कथा मराठी ओवीत आली आणि तिच्यासोबत हा प्रश्नही आला.

सर्वांत परिचित उत्तर स्वातंत्र्याचे. संत ऑगस्टीन (३५४–४३०) म्हणतात, ईश्वराने पाप निर्माण केले नाही; मुळात चांगली असलेली इच्छाच परम कल्याणाकडे पाठ फिरवते. नकार देण्याची मोकळीक नसेल, तर भक्तीला तरी काय अर्थ? यावर तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी यांनी १९५५ साली पेच टाकला: माणूस एकदा स्वेच्छेने चांगले निवडू शकतो, तर दर वेळी तेच निवडणारी माणसे ईश्वराने का घडवली नाहीत? ॲल्विन प्लँटिंगा यांनी १९७४ मध्ये उत्तर दिले: कोण काय निवडणार हे आधीच पक्के करून ठेवले, तर ती निवडच राहत नाही.

प्लँटिंगा जिंकले असे मानले, तरी अडचण घरातूनच उभी राहते. ख्रिस्ती श्रद्धेनुसार स्वर्गातले संत पाप करूच शकत नाहीत, तरीही ते स्वतंत्र आहेत. किंबहुना ऑगस्टीन तेच खरे स्वातंत्र्य मानतात. मग ते एदेन बागेतच का दिले नाही? दुसऱ्या शतकातल्या इरेनियस यांच्या विचारात याचे उत्तर सापडते: आदिमानव बालकासारखा अपरिपक्व होता, पूर्णत्व त्याला वाढत वाढतच मिळायचे होते. हाच धागा जॉन हिक यांनी १९६६ साली पुढे नेला: हे जग आत्म्याला घडवणारी शाळा आहे.

पण या शाळेची फी कोण भरतो? खून करणाऱ्याचे स्वातंत्र्य शाबूत राहते आणि मरणाऱ्याचे कायमचे संपते. पापी पश्चात्तापाने घडेलही. त्याच्या हातून मेलेल्या मुलाचे काय? दस्तयेव्हस्कीच्या कादंबरीतला इव्हान करामाझॉव्ह हेच विचारतो. निरपराध मुलाच्या यातनांवर उभी राहणारी विश्वाची सुसंगती त्याला नको आहे. वर सांगितलेली सगळी उत्तरे पाप करणाऱ्याच्या बाजूने दिलेली आहेत. भोगणाऱ्याकडे ती क्वचितच वळतात.

आणखी एक उत्तर उपासनेत सापडते: ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या स्तोत्रात चर्च आदामाच्या अपराधाला ‘धन्य’ म्हणते, कारण त्यामुळे तारणारा लाभला. मात्र या विचाराला संत पौलाने आधीच वेसण घातली होती. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहावे काय, असे रोमकरांस पत्रात विचारून तो स्पष्ट नकार देतो. पापातून चांगले निघाले, तरी त्याने पाप समर्थनीय ठरत नाही.

क्रूसाचे महत्त्व मला इथे वाटते. तिथे ईश्वर पापाचे कारण सांगत नाही. पाप भोगणाऱ्यांच्या रांगेत स्वतः उभा राहतो. इव्हानच्या प्रश्नाचे हे उत्तर नाही, पण ज्याने मुभा दिली त्याने किंमत दुसऱ्यावरच ढकलली, हा आरोप त्यामुळे सौम्य होतो. स्वातंत्र्याचा युक्तिवाद ईश्वराला तर्कविसंगतीच्या आरोपातून सोडवतो, एवढेच त्याचे काम. अन्याय सोसलेल्या माणसासमोर तो सांत्वन म्हणून मांडू नये. तिथे धर्मज्ञाने आधी त्याचे ऐकून घ्यावे आणि अन्याय करणाऱ्याचा हात रोखावा.