मृदंग आत, मढवणारा कोठे?



पंढरीची कार्तिक शुद्ध एकादशी झाली की वारकऱ्यांच्या वाटा आळंदीकडे वळतात. शके १२१८, म्हणजे इ.स. १२९६ साली, कार्तिक वद्य त्रयोदशीस श्रीज्ञानोबारायांनी जेथे समाधी घेतली, त्या अलंकापुरीत वद्य एकादशीपासून त्रयोदशीपर्यंत पाय ठेवायला जागा नसते. इंद्रायणीकाठी, धर्मशाळांतून, राहुट्यांतून, अंगणाअंगणांतून कीर्तने चाललेली असतात. आणि जेथे कीर्तन तेथे मृदंग. वऱ्हाडातला वादक येतो, मराठवाड्यातला येतो, खानदेशातला येतो, कोकणातला घाट चढून येतो. याला कोणी संमेलन म्हणत नाही, पत्रिका छापत नाही, अध्यक्ष निवडत नाही. तरी पाहा बरे, मृदंगवादकांचा वर्षातून एकदा भरणारा असा मेळा दुसरीकडे कोठे सापडेल? खांद्याला पट्टा आणि पाठीशी खोळीतला मृदंग, अशी ही मंडळी गावच्या वेशीवर दिसू लागली की आम्हांस वाटते, माउलींच्या दारी नादच पायी चालत आला.

या सर्व वादकांचे आम्ही मनापासून स्वागत करतो. पण स्वागत हा शब्द फार स्वस्त झाला आहे. हार घातला, नारळ दिला, ध्वनिक्षेपकावरून नाव पुकारले, की झाले स्वागत! म्हणून या खेपेस स्वागत म्हणजे काय, एवढाच विचार वाचक सज्जनांपुढे ठेवावा असे योजिले आहे.

प्रथम वादकाचा अधिकार पाहू. वारकरी कीर्तनात मृदंग हे शोभेचे अंग नव्हे. कीर्तनकार निरूपणात रंगलेले असतात. बोलता बोलता ते एखाद्या अभंगाचे प्रमाण देतात, मागचा टाळकरी चाल उचलतो, आणि त्या क्षणी मृदंगावर हात पडावा लागतो. विचारायला सवड नसते. कोणता अभंग निघेल याची सूचना नसते. म्हणजे चाल वादकाच्या ध्यानात आधीच असली पाहिजे. पुन्हा बोवांनी हात वर केला की त्याच क्षणी थांबलेही पाहिजे. वाजवायला वर्षे लागतात हे सर्वांना ठाऊक आहे, पण थांबायला त्याहून अधिक वर्षे लागतात हे वादकालाच ठाऊक. रियाज करून मिळवलेल्या परणी, तिहाया हातात उसळत असतात, आणि तरी तो त्या आवरतो. का? नाम ऐकू यावे म्हणून. आपली विद्या नामाच्या मागे उभी करणे, ही का लहान साधना झाली?

वै. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. आज आळंदीत लहानमोठ्या अशा अनेक संस्था आहेत आणि पहाटेपासून पोरे मृदंगावर हात बसवीत असतात. आता मुलीही मृदंग गळ्यात अडकवून उभ्या राहू लागल्या आहेत, हे पाहून आम्हांस समाधान वाटते. मुक्ताबाई-जनाबाईंच्या संप्रदायात ते व्हायचेच होते.

तेव्हा अशा साधकाचे स्वागत कसे करावे? यजमानाने आधी त्याच्या मृदंगाला कोरडी जागा द्यावी. कार्तिकातल्या रात्री नदीकाठी दव पडते. दवाने पुडी सैल होते, उन्हाने ताणते. वादक स्वतः उघड्यावर निजेल, पण मृदंग उघड्यावर ठेवणार नाही. त्याला वेळेवर दोन घास द्यावेत. कीर्तन संपते, कीर्तनकारांभोवती दर्शनाची दाटी होते, आणि घामाघूम वादक कोपऱ्यात वाद्याला खोळ घालीत एकटाच बसलेला असतो. त्याच्या हाती पाण्याचा तांब्या कोणी द्यायचा? ज्या गावाला हे सुचते ते गाव खरे कीर्तन ऐकणारे.

इतके केले म्हणजे स्वागत पुरे झाले काय? आम्ही म्हणतो, नाही. अर्धेच झाले. पुढचे अर्धे समजण्यासाठी मृदंग जरा जवळून पाहावा लागेल.

मृदंग म्हणजे खैराचे किंवा शिसवाचे खोड, आतून कोरलेले. सुताराने ते कोरले. दोन्ही तोंडांवर शेळीच्या कातड्याच्या पुड्या. त्या ताणून धरणारी वादी चामड्याची. वादीखाली लाकडी गठ्ठे, स्वर चढवायला नि उतरवायला. उजव्या पुडीवर लोखंडाच्या भुकटीची शाई, थरावर थर देऊन घोटलेली. डाव्या पुडीवर मात्र कायमची शाई नसते. तेथे प्रत्येक वेळी ताजी कणीक भिजवून लावतात आणि वाजवणे झाले की खरवडून काढतात. ती कणीक कोठून येते? यजमानाच्या स्वयंपाकघरातून. “माई, कणकेचा एवढा गोळा द्या,” असे वादक दाराशी म्हणतो आणि घरची माउली परातीतला गोळा काढून देते. त्या गोळ्यावाचून डाव्या पुडीला घुमारा नाही. म्हणजे कीर्तनाच्या त्या गंभीर नादात चुलीपुढे बसलेल्या बाईचाही हात आहे. ती कीर्तनाला येऊ शकली नसेल, तिच्या हातची कणीक येऊन पोचलेली असते.

आणि पुडी? कातडे भिजवणे, त्यावरचे केस काढणे, ते ताणणे, कापणे, गजरा विणणे, वादी ओढून ओढून बोटांना घट्टे पडेपर्यंत ती आवळणे, हे ज्याने केले तो कोण? मृदंग तयार झाला की मढवणारा कारागीर तो मांडीवर घेतो, कान लावतो, कडेने थाप मारून पाहतो. एका बाजूला स्वर चढा लागला तर गठ्ठा ठोकतो, पुन्हा थाप मारतो. सज्जनहो, नीट ध्यानात घ्या. मृदंगावरचा पहिला बोल वादकाचा नसतो, तो मढवणाऱ्याचा असतो. त्याच्या कानाला जे पटले तेच पुढे आपल्या कानांवर येते.

नरहरी सोनारांची कथा आपण सर्व जाणतो. देवासाठी करगोटा करायचा होता. विठ्ठलाचे मुख पाहायचे नाही म्हणून त्यांनी डोळ्यांवर पट्टी बांधली, पण माप घ्यायला हात तर लावावाच लागला. आणि त्या हातालाच हरि-हरांचे ऐक्य कळले. कथेचे मर्म आमच्या मते असे की, देवाची वस्तू घडवणाऱ्याचा हात देवाच्या अंगाशी सर्वांच्या आधी पोचतो. पूजा करणारा मागून येतो. गोरोबांची माती, सावतोबांचा मळा, सेनामहाराजांचा वस्तरा, रोहिदासांची आरी ही काही देवाच्या वाटेतली अडचण नव्हती. तीच त्यांची वाट होती.

असे असता समाजात घडले काय? चामड्याची पुडी देवळात गेली, मानाने गेली, गंधफूल लावून तिची पूजा झाली. तिच्यावर नामाचा गजर झाला. आणि चामड्याचे काम ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केले त्यांना मात्र पायरीखाली उभे करण्यात आले. कातडे शुद्ध, कातडे कमावणारा अशुद्ध! हा हिशेब कोणत्या शास्त्रात बसतो? श्रीचोखोबाराय मंगळवेढ्यास गावकुसाची भिंत अंगावर पडून गेले ते शके १२६० साली, म्हणजे इ.स. १३३८ साली. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून पंढरीच्या महाद्वाराशी समाधी दिली, अशी परंपरा आहे. चोखोबा महाद्वाराशी राहिले. त्यांच्या समाजाला ते महाद्वार ओलांडण्यासाठी १९४७ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी त्या वर्षीच्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरी प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. सहाशे नऊ वर्षे! त्या सहाशे नऊ वर्षांत आत मृदंग किती वाजला असेल, याचा विचार केला म्हणजे मान खाली जाते.

कोणी म्हणेल, “अहो, ते सारे जुने झाले. आता देऊळ सर्वांना खुले आहे. पुन्हा तोच विषय कशाला?” यावर आषाढीच्या वाटेवरची एक रीत सांगतो. माउलींची पालखी मुक्कामाच्या तळावर पोचली की समाजआरतीसाठी दिंड्या गोल उभ्या राहतात. टाळमृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार चोप उंच करतात आणि त्यासरशी सर्व टाळ थांबतात, एकदम शांतता होते. परंतु एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती दिंडी थांबत नाही. ती टाळ वाजवीतच राहते. मग चोपदार त्या दिंडीपाशी जातात, म्हणणे ऐकून घेतात, समाधान करतात. तोवर आरती होत नाही. केवढी थोर रीत आहे पाहा! एका दिंडीचे गाऱ्हाणे ऐकल्यावाचून लाखोंच्या समाजाची आरती खोळंबते. तक्रार करणाऱ्याला कोणी नास्तिक म्हणत नाही, हुसकून लावीत नाही. त्याचा टाळ हीच त्याची वाणी.

आमचे म्हणणे इतकेच की, मढवणाऱ्याचा टाळ अजून थांबलेला नाही. कान देऊन ऐका. देऊळ उघडले, पण घरे उघडली काय? तो रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरून बसतो. यात्रेच्या गर्दीत वादक घाईने येतो, “बोवांचे कीर्तन आहे, पुडी बदलून दे” म्हणतो. पुडी बदलून होते, आणि पैशांची वेळ आली की कित्येकदा शब्द निघतो, “देवाचे काम आहे, सेवा समजून कर.” सज्जनहो, सेवा आपल्या पदरची करायची असते, दुसऱ्याच्या पदरची नव्हे. कीर्तनाचा मोबदला कीर्तनकाराने घेऊ नये ही संतांची शिकवण आहे, ती आम्हांस शिरोधार्य आहे. परंतु तो नियम ज्याने त्याने स्वतःस लावावा. कारागिराने कातडे विकत आणलेले असते, दिवस मोडलेला असतो, त्याच्या घरीही चूल असते. त्याची मजुरी पूर्ण द्यावी, घासाघीस न करता द्यावी, आणि कीर्तनाच्या आधी द्यावी. ज्या पुडीची मजुरी राहिली आहे, तिच्यावरचा बोल आम्हांस तरी गोड लागणार नाही.

दुसरे असे की, मजुरी देऊन व्यवहार पुरा होतो, स्वागत पुरे होत नाही. म्हणून आळंदीस येणाऱ्या वादकांना आमची हात जोडून विनंती आहे. तुमच्या हाताची कोणी तारीफ केली, “काय घुमला हो मृदंग!” असे कोणी म्हटले, तर मढवणाऱ्याचे नाव सांगा. गाव सांगा. एकोणिसाव्या शतकात नाना पानशांचा पखवाज गाजला आणि त्यांच्या घराण्याचे नाव वादक आजही आदराने घेतात. ते योग्यच आहे. मग मढवणाऱ्याच्या घराचे नाव का घेऊ नये? वर्षातून एखादे वेळी त्याला घेऊन कीर्तनाला या. त्याला मागे उभे करू नका, टाळकऱ्यांच्या ओळीत टाळ द्या, पंगतीला शेजारी बसवा. त्याचा मुलगा वाद्यावर हात टाकू पाहत असेल तर त्याला शिकवा. ज्या घरात मृदंगाचा पहिला बोल निघतो, त्या घरातला पोरगा पुढचा बोल शिकायला गेला आणि कोणी त्याचे आडनाव विचारीत बसले, तर माउलींच्या आळंदीत ते शोभेल काय?

यजमान मंडळींनाही तसेच. वादकाला विचारा, “महाराज, वाद्य कोणी मढवले?” आणि ज्या माईने कणीक दिली तिला कीर्तनात पुढे बसायला जागा करून द्या. ज्याचे त्याचे श्रेय ज्याला त्याला पोचले की मेळा खरा भरला.

कोणी विचारील, एवढ्याने काय होणार? आम्ही म्हणतो, मृदंगाकडेच पाहा. एकीकडची वादी ढिली राहिली तर सगळी पुडी बेसूर होते. वादक गठ्ठा तेथे ठोकतो जेथे ढिलाई असते, जेथे स्वर लागलाच आहे तेथे नाही. समाजाचेही असेच आहे. जेथे मान आहे तेथे आणखी एक हार घालून स्वर सुधारणार नाही. जेथे मान पोचला नाही तेथे हात लावला पाहिजे.

वादक हो, या. तुमच्या येण्याने इंद्रायणीचा काठ जागा होतो. एकटे मात्र येऊ नका. खोड कोरणारा, पुडी मढवणारा, कणीक देणारी, सर्वांना बरोबर घेऊन या. चोप वर होईल तेव्हा एकही टाळ तक्रारीचा वाजत नसावा, मग जी शांतता होईल तीत माउलींचे नाम स्पष्ट ऐकू येईल. ती शांतता आपणां सर्वांस लाभो, हेच ज्ञानोबारायांच्या चरणी मागणे.

पुंडलीक वरदे हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम!