गैरहजर पक्षकार

न्यू टाउनमध्ये राहणाऱ्या माणसाच्या टपालावर गावाचे नाव ‘कोलकाता’ असे असते. घराचा किंवा जमिनीचा कज्जा उभा राहिला म्हणजे मात्र त्याला कळून येते की, न्यायदानाच्या नकाशात आपण कोलकात्याचे नव्हेत. हायकोर्टाची ती लाल, उंच मनोऱ्याची इमारत बेल्जममधील ईप्र येथील जुन्या कापडपेठेच्या धर्तीवर १८७२ साली बांधून पुरी झाली. परंतु तिचा मूळ दिवाणी अधिकार जुन्या शहराच्या हद्दीपाशी संपतो. न्यू टाउन पडते उत्तर चोवीस परगण्यात, आणि त्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण बारासात. पुण्या-नागपुराकडून नोकरीनिमित्त येथे आलेल्या आपल्या एखाद्या गृहस्थास हे शोधून काढण्यात चार दिवस जातील, बंगाली कागद वाचून घेण्यात आणखी चार. पण तो शोधील. शिकलेल्याला दार सापडते. उशिरा का होईना, सापडते.

ज्याला ते सापडतच नाही त्याचे काय, हा खरा प्रश्न आहे. दार उघडे ठेवले एवढ्याने न्यायसंस्थेचे कर्तव्य संपले काय? की जो आला नाही तो का आला नाही, हे विचारणे हाही न्यायाचाच भाग आहे?

मराठी माणसाला हा प्रश्न नवा नाही. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात जमाव उठला आणि त्याने सावकारांची खतपत्रे हिसकावून जाळली. पुणे व नगर जिल्ह्यांत ठिकठिकाणी तेच घडले. जमावाचा रोख मुख्यतः कागदावर होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. तो कागद कोर्टात दाखल होई, समन्स निघे, कुळ येत नसे, आणि एकतर्फी हुकूमनामा होऊन जमीन जाई. कुळ का येत नसे? कोर्ट दूर होते, पेरणी तोंडावर होती, वकिलाला पैसा नव्हता, सावकार रागावला तर पुढच्या बियाण्याचे काय ही धास्ती होती. आणि कधी तर समन्स आपल्यापर्यंत आलेच नाही, अशी त्याची तक्रार असे. न्यायाधीश बेइमान होते असे नव्हे. त्यांच्यापुढे एक पक्ष होता, एक कागद होता, दुसरी बाजू रिकामी होती. रिकाम्या बाजूचा अर्थ त्यांनी ‘कबूल’ असा केला.

१८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने हा अर्थ करण्यास मनाई केली. न्यायाधीशाने प्रतिवादीला साक्षीदार म्हणून स्वतः तपासावे, खतावरील आकड्यावर न थांबता देण्याघेण्याचा इतिहास मुळापासून पाहावा, असे त्यात ठरले. गावपातळीवर मुनसफ व सलोखा घडवून आणणारे नेमण्याची सोय झाली. न्यायमूर्ती रानड्यांची अनेक वर्षे या कायद्याच्या अंमलबजावणीत गेली. कायद्याने कर्ज मिटले नाही, ते मिटणारही नव्हते. पण गैरहजेरी ही संमती नव्हे, एवढे एका सरकारने लेखी मान्य केले.

आता न्यू टाउनकडे वळू. राजारहाटच्या ज्या शेतांवर हे नगर उभे आहे, त्यांपैकी पुष्कळ जमीन १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली घेतली गेली. त्या कायद्यात दरवाजा होता: मोबदला कमी वाटला तर प्रकरण कोर्टाकडे पाठविण्याची मागणी करता येई. मात्र निवाड्याच्या वेळी हजर असलेल्याने ती सहा आठवड्यांत लेखी केली पाहिजे. आणि पैसे घ्यावयाचे तर ‘तक्रार राखून घेतो’ असे म्हणून घेतले पाहिजेत. मुकाट्याने घेतले की दार बंद. ज्याच्या घरात आयुष्यात प्रथमच एवढी रक्कम येत आहे, त्या शेतकऱ्याला हे दोन शब्द उच्चारावयास कोणी सांगितले असेल? गंमत अशी की, कायद्यालाही पुढे हे खटकले. १९८४ च्या दुरुस्तीने असे ठरले की, शेजाऱ्याने कोर्टात जाऊन दर वाढवून घेतला, तर अर्ज न केलेल्यालाही त्या दराने मागणी करता येईल. पण तीही तीन महिन्यांत! म्हणजे शेजारी जिंकला ही बातमी वेळेवर कळली पाहिजे.

यावर आक्षेप घेतला जातो, आणि तो पोकळ नाही. मुदत नसेल तर कज्जे संपणारच नाहीत. प्रतिपक्षालाही आपली मालमत्ता निर्वेधपणे भोगण्याचा हक्क आहे. आणि प्रत्येकाला घरून बोलावून आणावयाचे तर माणूस स्वतःच्या हिताची काळजी घेण्याचे विसरेल. यातील पहिले दोन मुद्दे मला मान्य आहेत. तिसरा मात्र बहुधा ज्याला कधी कोणाला विचारावे लागले नाही तोच मांडतो.

१९४९ साली मुंबईत न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या आणि बंगालमध्ये सर ट्रेव्हर हॅरिस यांच्या अध्यक्षतेखाली गरिबांच्या कायदेशीर मदतीचा विचार झाला. घटनेत अनुच्छेद ३९ अ येण्यास १९७६ साल उजाडले, आणि १९८७ चा विधिसेवा कायदा प्रत्यक्ष अमलात आला तो १९९५ च्या नोव्हेंबरात. दरम्यान १९८६ साली अरुणाचलातील सुक दास याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने (निकाल देणारे न्यायमूर्ती पी. एन. भगवती हे वरील भगवतींचेच पुत्र) त्याची शिक्षा रद्द केली. त्याचा खटला वकिलावाचून चालला होता. ‘त्याने वकील मागितला नव्हता’ हे उत्तर न्यायालयाने स्वीकारले नाही. ज्याला हक्क ठाऊक नाही तो मागणार कसा? सांगणे हे न्यायाधीशाचे काम ठरले.

फौजदारीत आरोपी निदान न्यायाधीशासमोर उभा तरी असतो. दिवाणीत न येणारा दिसतच नाही. तेथे सांगावयाचे कोणी?

न्यू टाउनच्या सदनिकांत आसपासच्या गावांतून धुण्याभांड्याला बाई येते. स्त्री म्हणून, तिचे उत्पन्न कितीही असो, विधिसेवा कायद्याखाली तिला सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. जिल्ह्याचे विधिसेवा प्राधिकरण त्यासाठीच आहे. हे बहुधा तिला माहीत नसते. मालकाला असते, किंवा एका संध्याकाळीत तो माहीत करून घेऊ शकतो. अडचण अशी की, तिचा पगार थकला तर तिची तक्रार त्याच्याविरुद्धच असणार. सुप्याच्या सावकारालाही कोर्टाचा रस्ता पाठ होता, आणि कुळाला तो दाखविण्यात त्याचा तोटा होता. स्वतःविरुद्धचा रस्ता दाखविण्यास कायदा कोणाला भाग पाडीत नाही. म्हणूनच तो प्रश्न कायद्याचा न राहता आपला होतो. शेजाऱ्याच्या मोलकरणीला तिचे हक्क समजावून सांगणारे सज्जन मी पुष्कळ पाहिले आहेत. स्वतःच्या घरी, कामावर ठेवतानाच, पगार ठरविण्याच्या त्याच बैठकीत हे सांगावयास हवे, आणि तिच्या भाषेत सांगावयास हवे. विधिसेवेचा दूरध्वनी क्रमांक १५१०० असा आहे.