नेमलेले पुस्तक आणि उसने मत

महाविद्यालयातील विद्यार्थी नेमलेली पुस्तके वाचीत नाहीत, ही तक्रार आम्ही शिक्षक मंडळी वारंवार करितो. विद्यार्थी बाजारातील गाइड घेऊन परीक्षेस बसतो, आणि आम्ही त्याच्या आळसास दोष देऊन मोकळे होतो. परंतु या दोषात आमचा वाटा किती, हे आम्ही स्वतःस क्वचितच विचारतो.

जॉन स्टुअर्ट मिल याचा १८५९ सालचा 'ऑन लिबर्टी' हा ग्रंथ घ्या. प्रतिपक्ष ऐकल्यावाचून बाळगलेले मत खरे असले तरी निर्जीव होय, असे त्याच्या दुसऱ्या प्रकरणात प्रतिपादन आहे. हेच प्रकरण विद्यार्थी दहा ओळींच्या सारांशावरून पाठ करितो! विचारस्वातंत्र्याचा पुरस्कार उसन्या वाक्यांनी करावयाचा, यापरते विपरीत ते काय?

तथापि सारांश शोधणारा विद्यार्थी बहुधा लबाड नसतो. परभाषेतील लांबलचक वाक्यांत तो वाट चुकलेला असतो. त्यास वाट दाखविणे हे आमचे कर्तव्य. खांद्यावर वाहून नेणे नव्हे. वाचनापूर्वी त्यास एक प्रश्न द्यावा : मिलने स्वतःच्या मतावर कोणते आक्षेप घेतले आहेत, व त्यांतील कोणता तुम्हांस अद्याप अनुत्तरित वाटतो? मग तासाच्या आरंभी पुस्तक मिटून, आठवेल ते लिहावयास सांगावे.

ही केवळ आमची हौस नव्हे. रोडिगर व कार्पिकी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुनःपुन्हा वाचला, तर काहींनी एकदा वाचून तो पुनःपुन्हा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पहिले सरस ठरले. आठवड्याने मात्र त्यांस सुमारे ४० टक्के आठवले, तर दुसऱ्यांस ६१ टक्के.

कोणी म्हणेल, नोकरी करून शिकणाऱ्यास इतका वेळ कोठून? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आम्हांसच दिले पाहिजे. शंभर पाने नेमून ती न वाचल्याकडे डोळेझाक करण्यापेक्षा वीस पाने नेमून ती खरोखर वाचवून घेणे अधिक प्रामाणिकपणाचे होय. विद्यार्थ्याने वाचल्याचे सोंग करावे आणि आम्ही शिकविल्याचे, हा मूक करार उभयपक्षी अप्रामाणिक आहे. तो मोडण्याचा आरंभ, ज्याच्या हाती पाने नेमण्याचा अधिकार आहे, त्यानेच करावा.