निसण्याला सपाट कोण करतो?

आत्मज्ञानाची वाट वस्तऱ्याच्या धारेसारखी अवघड, असे कठोपनिषद सांगते. सॉमरसेट मॉमने १९४४ साली आपल्या कादंबरीचे नाव तिथूनच उचलले. चौलसंस्कारात तर खुद्द वस्तऱ्यालाच विनवतात, की या बाळाला इजा करू नकोस. संत सेना महाराजांनी धंद्यातला आरसा विवेकाच्या आणि चिमटा वैराग्याच्या कामी लावला. पण वस्तऱ्याला धार देणारा दगड, निसणा, या तिन्ही ठिकाणी नाही. धोकटीच्या तळाशी पडलेल्या या दगडाकडे तत्त्वज्ञांनी लक्ष द्यायला हवे होते, कारण प्रामाण्याचा जुना पेच तिथे हाताला लागतो. धार बरोबर आहे की नाही हे दगडावर ठरते. मग दगड बरोबर आहे हे कशावर ठरवायचे?

दगड निवडताना टणकपणा फसवतो. अंधेरीचा गिल्बर्ट हिल हा सुमारे ६१ मीटर उंचीचा बसाल्टचा सुळका कोट्यवधी वर्षे ऊनपाऊस खात उभा आहे. पण वस्तऱ्याला नुसता टणक दगड चालत नाही, त्याचे कण बारीक आणि एकसारखे लागतात. बेल्जियमच्या पिवळसर कोटिक्यूल दगडाचे नाव झाले ते त्यातल्या गार्नेटच्या सूक्ष्म कणांमुळे. कृत्रिम दगडांत १००० नंबरवर धार बसवतात, ८००० आणि त्यापुढच्या नंबरांवर ती गुळगुळीत करतात, शेवटी चामोटी. इथवर सोपे आहे. खरी मेख पुढे आहे. वस्तरा दगडावर आडवा ठेवला की त्याची पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकतात. कोन हाताने सांभाळावा लागत नाही, तो पात्याच्या घडणीतच असतो. म्हणजे सगळा भरवसा दगडाच्या सपाटीवर. आणि दगड तर वापराने मध्यभागी झिजतो. हात कितीही सराईत असो, खोलगट निसण्यावर पाते दगडाचाच बाक उचलते. डोळ्यांना हे दिसत नाही. दगडावर पेन्सिलीने आडव्याउभ्या रेघा मारून तो सपाट पृष्ठावर घासला, की कडेच्या रेघा पुसल्या जातात आणि मधल्या तशाच राहतात. तेव्हा कुठे खड्डा कळतो.

बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने ‘विग्रहव्यावर्तनी’त नैयायिकांना हाच, कसोटीच्या कसोटीचा प्रश्न विचारला होता. प्रमेये (जाणायच्या गोष्टी) प्रमाणांनी (जाणण्याच्या साधनांनी) सिद्ध होतात, तर प्रमाणे कशाने? दुसऱ्या प्रमाणांनी म्हणाल तर अनवस्था, म्हणजे न संपणारी साखळी. आपोआप म्हणाल तर प्रमेयांनीच काय घोडे मारले? न्यायसूत्रांचे उत्तर तराजूचे आहे. तराजू सोने तोलतो, पण संशय आला तर तोही तपासता येतो. तीच वस्तू एकदा प्रमाण, एकदा प्रमेय. उत्तर चतुर आहे, पण निसण्यापुढे अपुरे पडते. दोन दगड एकमेकांवर घासत राहिले तर एक फुगीर होतो आणि दुसरा तितकाच खोलगट. दोघे एकमेकांत चपखल बसतात, मध्ये कागद शिरणार नाही, आणि दोघेही वाकडे असतात. नुसत्या एकमताची किंमत एवढीच. गुरू शिष्याच्या श्रद्धेने सिद्ध आणि शिष्य गुरूच्या शाबासकीने, असा मामला बोरिवली-मुलुंडच्या प्रवचनांच्या सभागृहांत पाहायला मिळतो, आणि बुद्धिवाद्यांच्या मंडळांतही कमी नसतो.

यातून सुटका तिसऱ्या दगडाने होते. तीन पृष्ठभाग आळीपाळीने, जोडीजोडीने ताडत गेले तर तिन्ही जोड्या जुळण्याचा मार्ग एकच उरतो: तिघांनी सपाट होणे. पहिल्या फुगीर पृष्ठाशी जुळणारे दोघे खोलगट असणार, आणि ते दोघे आपसांत जुळणार नाहीत. (पीळ राहू नये म्हणून त्यांना फिरवूनही ताडावे लागते, हे खरे.) हेन्री मॉड्स्लेच्या कारखान्यात वाढलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४० साली ग्लासगोत हीच रीत मांडली. आधीचे एकही पृष्ठ सपाट नसताना सपाटी जन्माला येते. अनवस्था थांबवायला आदिप्रमाण लागत नाही. आपल्याकडे शास्त्रप्रचिती, गुरुप्रचिती आणि आत्मप्रचिती अशा तिन्हींचा मेळ मागितला जातो, तो याच कारणाने महत्त्वाचा आहे. तिघांपैकी कोणीही वरिष्ठ नाही. प्रत्येकाला उरलेल्या दोघांवर घासून घ्यावे लागते.

मीमांसक म्हणतील, ज्ञान मुळातच प्रमाण असते; बाधक दिसेपर्यंत शंका काढणे हा रोग आहे. यात तथ्य आहे. रोज सपाट करत बसलात तर धार लावण्याऐवजी दगडच संपेल. पण बाधक दिसण्याची सोय तरी ठेवावी लागते, आणि रेघाच मारायच्या नाहीत असा दंडक घालणारी श्रद्धा मीमांसेच्या आडोशाला उभी राहू शकत नाही. नागार्जुनाचा अनुयायी म्हणेल, ही सपाटी परस्परसापेक्षच राहिली. राहू दे. दाढीला तेवढी पुरते, आणि मला वाटते निर्णयांनाही.

सर्वांत रोकडा आक्षेप सलूनमधला आहे. अंधेरी-घाटकोपरला आता वस्तऱ्यात अर्धे ब्लेड बसवतात आणि गिऱ्हाईक बदलले की ब्लेडही बदलतात. निसणा हवा कुणाला? रक्तातून पसरणाऱ्या रोगांचा विचार केला तर हे योग्यच आहे, आणि या बाबतीत जुन्या वस्तऱ्यासाठी गळा काढण्यात अर्थ नाही. मात्र तीच रीत विचारांना लावून दर दोन वर्षांनी नवा बाबा किंवा नवा ‘वाद’ बसवणारे लोक पाते बदलतात, कसोटी बदलत नाहीत. नवे पाते निवडणारी बुद्धी तीच जुनी, मधोमध झिजलेली असते.

घरी जुना वस्तरा असेल आणि दगड दोनच असतील, तर ते एकमेकांवर घासून समाधान मानू नका. जाड काचेवर वॉटर पेपर ओला करून चिकटवा, दोन्ही दगडांवर रेघा मारा आणि सगळ्या पुसल्या जाईपर्यंत घासा.